मला परवानगी नाकारली तो दिवस

मी एक जुनी चाचणी आहे. दचकू नका मित्रांनो, तुमची परीक्षा घ्यायला मी आलेली नाही. मी माणसांची नव्हे, एका संकेतस्थळाची चाचणी घेते. मला हात नाहीत की पाय नाहीत. एका शंकेखोर बाईने लिहिलेल्या काही ओळी, एवढाच माझा देह. त्या ओळी सुरू केल्या की संगणकावर ब्राउझर आपोआप उघडतो आणि माणसाने करावे तसे मी एकेक काम करत जाते. नाव टाकते, पासवर्ड टाकते, बटण दाबते आणि पुढे काय होते ते डोळ्यांत तेल घालून पाहते. डोळेच नाहीत तर तेल कुठे घालते, हे मात्र विचारू नका.

माझा जन्म झाला ती कचेरी सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. ज्यांची फुप्फुसे थकली आहेत अशा माणसांना घरपोच ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवण्याचे काम तिथून चाले. रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी संकेतस्थळावर जायचे आणि 'सिलिंडर हवा' असे लिहिलेले निळे बटण दाबायचे. मग निरोप गोदामात जाई आणि तिथून गाडी निघे. बटणाचा निरोप सर्व्हरपर्यंत नेणारा जो असतो त्याला एपीआय म्हणतात. तुम्ही त्याला निरोप्या म्हणा. हा निरोप्या वाटेत अडला, तर बटण कितीही बडवा, गोदामाला पत्ताच लागत नाही.

मला घडवणारीला सगळे शंकाताई म्हणत. तिच्या पर्समध्ये छत्री, जादा चष्मा आणि त्या चष्म्याचा जादा स्क्रू असे. माझ्या आधी ती रोज सकाळी एका हातात चहाचा कप धरून ते निळे बटण स्वतः दाबून पाही. पण माणूस आजारी पडतो, गावाला जातो, विसरतो. एकदा सुट्टीच्या दिवशी बटण बंद पडले आणि ते कुणाच्या लक्षातच आले नाही. दुसऱ्या दिवशी ताई तडक कामाला लागली आणि तिने मला लिहिले.

मी वापरावा म्हणून तिने एक खोटा रुग्ण तयार केला. त्याचे नाव चाचणीराव आणि पत्ता आमच्याच कचेरीचा. पहिल्याच दिवशी मी इतके मन लावून काम केले की गोदामातून खरोखरच सिलिंडर निघाला. गाडीवाले मामा तो खांद्यावर घेऊन जिना चढून आले, घामाघूम झाले आणि म्हणाले, "घ्या! कोण आजारी आहे?" ताईने ओशाळून हात वर केला. "कुणीच नाही हो मामा, चाचणी होती." मामा खाली बसले. "आता मीच आजारी आहे. पाणी द्या." त्यानंतर चाचणीरावांची मागणी गोदामाच्या दारातूनच परत फिरवायची व्यवस्था ताईने केली.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. नव्या रंगरंगोटीत निळे बटण छोट्या मोबाइलवर जाहिरातीखाली दडले, तेव्हा ते सर्वांत आधी मला सापडले. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "ही चाचणी म्हणजे आपली जागती राखण." मी हिरवी झाले की कचेरीत कामाला सुरुवात होई आणि लाल झाले की सगळे जागचे उठत.

पण कौतुक फार काळ टिकत नाही. कधी इंटरनेट मंद असे, कधी पान उघडायला उशीर लागे आणि मी उगाच लाल होई. पुन्हा चालवले की हिरवी. असे वरचेवर होऊ लागले तसे लोक उठेनासे झाले. "तिचं नेहमीचंच आहे," असे म्हणत ते खुर्चीतूनच हात हलवत. रोज मरे त्याला कोण रडे! माझ्याकडे वळून पाहणारी एकटी ताई उरली.

अशातच कचेरीने आपला जुना सर्व्हर सोडून सगळा कारभार क्लाउडवर न्यायचे ठरवले. क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले संगणक. हे काम ज्याच्याकडे होते त्याचे नाव त्याच दिवशी ढगदादा पडले. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितले, "आपले सगळे रुग्ण या आठवड्यात ढगात जाणार." मदतीचे फोन घेणाऱ्या काकू तिथे होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो दादा, असं काही फोनवर बोलू नका हं. लोक रडायला लागतील."

सर्व्हर हलला. नव्या जागी संकेतस्थळ सकाळीच सुरू झाले. मलाही आता ताईच्या लॅपटॉपवरून नव्हे, तर तिकडच्याच एका भाड्याच्या संगणकावरून धावायचे होते. मी आनंदाने निघाले. कोरा करकरीत ब्राउझर उघडला. चाचणीरावांचे नाव टाकले, पासवर्ड टाकला. पान उघडले. 'नमस्कार, चाचणीराव' अशी अक्षरे झळकली. मी निळे बटण दाबले.

'परवानगी नाही.'

मी पुन्हा दाबले. परवानगी नाही. तिसऱ्यांदाही तेच. ताईने शिकवल्याप्रमाणे मी लाल झाले.

"ताई, तुझी चाचणी बोंबलतेय," ढगदादा म्हणाला.

"का बोंबलतेय ते बघितलंस का?"

"त्यात काय बघायचं? आपण राखणीला भिंत घातलीय. यंत्रं येऊन त्रास देतात म्हणून ती यंत्रांना अडवते. तुझी चाचणी म्हणजे यंत्रच की. अडवणारच ती."

हे म्हणणे पटण्यासारखे होते. त्याने भिंतीला सांगितले, या पत्त्यावरून येणारी आपल्या घरचीच आहे, तिला येऊ दे. मी पुन्हा धावले. नमस्कार झाला आणि बटणाशी पुन्हा तेच. परवानगी नाही.

मग संशय पासवर्डवर गेला. ताईने तो बदलला. मी धावले, लाल झाले. मग ढगदादाला वाटले, त्या संगणकाचे घड्याळ मागेपुढे असेल. घड्याळ चुकले की सर्व्हर समोरच्यावर विश्वास ठेवत नाही. घड्याळ पाहिले, तर ते बरोबर होते. मग निरोपासोबत जे शिक्के जायला हवेत ते जातात का, तेही पाहिले. सगळे शिक्के जागच्या जागी होते. आणि दर वेळी मी पोचे, दार उघडे, माझे नाव घेऊन मला नमस्कार होई आणि निळ्या बटणाशी मला अडवले जाई. माझ्या हातून काय चुकते आहे ते मला कळेना.

शेवटी ताईने मला आपल्या लॅपटॉपवर चालवले, जिथे मी वर्षानुवर्षे धावत आले होते. मी पहिल्याच फटक्यात हिरवी झाले.

"बघ!" ढगदादाने टाळी वाजवली. "संकेतस्थळ ठणठणीत आहे. मी माझ्या मोबाइलवर बघितलं, चालतंय. साहेबांच्याही मोबाइलवर चालतंय. फक्त तुझ्या चाचणीला त्या नव्या जागेचं पाणी लागलंय."

ताई चष्मा काढून पुसत राहिली. लॅपटॉपवर हिरवी आणि ढगात लाल. एकच मी, तेच नाव, तोच पासवर्ड. हे कोडे तिला सुटेना आणि ते सोडून देणेही जमेना.

साहेब बाहेर आले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू होते. संध्याकाळी जुना सर्व्हर कायमचा बंद व्हायचा होता. त्याआधी सगळ्या चाचण्या हिरव्या दिसायला हव्यात, असा कचेरीचाच नियम होता.

"ताई, अजून किती वेळ?"

"साहेब, कारण सापडलेलं नाही."

"अहो, पण आपल्या सगळ्यांकडे चालतंय ना? एका चाचणीपायी सगळ्यांनी ताटकळत बसायचं का? तिला तूर्तास बाजूला ठेवा. उद्या निवांत बघू."

ताईने माझ्याकडे, म्हणजे माझ्या ओळींकडे, पाहिले. मग तिने माझ्यासमोर एक छोटीशी खूण टाकली आणि पुढे लिहिले, 'सध्या वगळा'.

मित्रांनो, चाचणीला गप्प करायला एवढेच पुरते. मला कुणी पुसले नाही की फेकले नाही. मी जशी होते तशीच होते, फक्त मला कुणी विचारणार नव्हते. पडद्यावर सगळीकडे हिरवे दिसू लागले आणि खोलीतल्या सगळ्यांनी खांदे सैल सोडले. त्या हिरव्या रंगात मी नव्हते.

जेवणाची वेळ झाली. ताईने डबा उघडला, पण घास हातातच राहिला. तेवढ्यात काकू आपली खुर्ची ढकलत तिच्या टेबलापाशी आल्या. कानावरचा फोन त्यांनी तळहाताने झाकला होता.

"ताई, एक विचारू? सकाळपासून तुमची चाचणी काय म्हणत होती हो? नेमके शब्द सांगा."

"परवानगी नाही. का बरं?"

"आपले पोहणं शिकवणारे मास्तर आहेत ना, त्यांच्या मुलीचा फोन आहे. तीही हेच शब्द वाचून दाखवतेय."

त्या मास्तरांना कचेरीत सगळे ओळखत. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात उतरवले होते, पाण्याखाली श्वास रोखायला शिकवले होते. आता त्यांनाच चार पावले टाकली की धाप लागे आणि नाकाला नळी लावून बसावे लागे.

"तिचा पासवर्ड चुकत असेल," ढगदादा पलीकडून म्हणाला.

"मीही तिला सकाळी तेच सांगितलं," काकू म्हणाल्या. "मोबाइल बंद करून चालू करा म्हटलं. पण ती म्हणते, 'काकू, ते मला नाव घेऊन नमस्कार करतं आणि मग बटण दाबलं की नको म्हणतं.' पासवर्ड चुकला असता तर नाव कशाला घेतलं असतं?"

ताईच्या हातातला घास डब्यात पडला.

"तिचा मोबाइल नवा आहे का? विचारा."

काकूंनी विचारले. "हो, कालच घेतलाय. आज सकाळी त्यावर नव्याने लॉग इन करावं लागलं."

"सिलिंडर किती भरलाय?"

काकूंनी फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काटा लाल पट्ट्यात आलाय म्हणते."

ताई ताडकन उठली. "काकू, संकेतस्थळ राहू दे. गोदामात सरळ फोन लावा, मामांना आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे पाठवा." मग तिने लॅपटॉप पुढे ओढला. "दादा, इकडे ये. मी बाहेर पडतेय."

"कुठे बाहेर?"

"लॉग आउट करतेय."

"अगं, चालतंय ते राहू दे ना!"

"कुणाचं चालतंय? आपलं. आपण कित्येक आठवड्यांत बाहेर पडलोच नाही. आधीपासून आतच बसलोय."

तिने लॉग आउट केले. पुन्हा नाव टाकले, पासवर्ड टाकला. नमस्कार झाला. सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झाले होते. तिने निळे बटण दाबले.

परवानगी नाही.

खालच्या दुकानात कुणीतरी सायकलची घंटा वाजवून पाहत होता, तेवढीच ऐकू येत होती.

आता त्यात काय झाले होते ते सांगते. तुम्ही लॉग इन केले की सर्व्हर तुम्हाला एक पास देतो. तुम्ही कोण आहात आणि तुम्हाला काय काय करता येईल, हे त्या पासावर लिहिलेले असते. तो पास ब्राउझरमध्ये जपून ठेवला जातो, म्हणजे रोज रोज नाव सांगावे लागत नाही. साहेब, ढगदादा, ताई, सगळ्यांकडे जुन्या सर्व्हरने दिलेले जुने पास होते आणि तो सर्व्हर चालू होता तोवर ते नव्या जागीही चालत होते. लॅपटॉपवर मीही ताईच्या ब्राउझरमधला तोच जुना पास वापरत होते. वेळ वाचावा म्हणून तिने कधीकाळी तशी सोय केली होती आणि पुढे तिलाही तिचा विसर पडला होता. ढगातल्या कोऱ्या ब्राउझरमध्ये मात्र माझ्याजवळ जुने काही नव्हते. मला नवा पास मिळाला. नवा मोबाइल घेतलेल्या त्या मुलीलाही नवा मिळाला. आणि नव्या पासावर रुग्णाला 'पाहता येईल' असे लिहिले होते, पण 'मागता येईल' ही ओळच नव्हती. म्हणून दार उघडत होते, ओळख पटत होती आणि ऑक्सिजन तेवढा मिळत नव्हता.

"नियम मी उतरवले," ढगदादा हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "एक ओळ राहिली. माझ्याकडून राहिली." मग एकदम त्याला काहीतरी आठवले आणि तो जवळजवळ ओरडलाच, "साहेब, जुना सर्व्हर बंद झाला की जुने पास रद्द होणार आहेत. सगळ्यांचे!"

म्हणजे संध्याकाळनंतर एकाही घरून सिलिंडर मागता आला नसता.

साहेब दोषाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "दादा, ओळ घाला. ताई, सकाळपासून अजून कुणाकुणाला नकार गेलाय ते काढा. नावं द्या, मी फोन करतो."

आणि त्यांनी खरोखरच फोन केले. ज्यांच्या केबिनमध्ये जायला लोक दार वाजवत, ते साहेब काकूंच्या शेजारी स्टुलावर बसून एकेका घरी विचारत होते, "सिलिंडर आहे ना घरात? काटा कुठे आहे, जरा बघून सांगता का?" एका आजोबांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. साहेब मान खाली घालून "हो, बरोबर आहे तुमचं" एवढेच म्हणत राहिले.

काकूंनी मास्तरांच्या मुलीचा फोन सोडला नव्हता. गोदामातून मामा निघाले होते, पण वाटेत रेल्वेचे फाटक बंद होते. फोनमधून मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. तुटक, शिट्टी वाजावी तसा.

"काकू, मी नळीचा कॉक थोडा कमी करू का? म्हणजे पुरेल."

"नाही बाळा, डॉक्टरांनी ठरवून दिलंय त्यात आपण हात घालायचा नाही. दुसऱ्या फोनवरून डॉक्टरांना लाव आणि विचार. मी आहे इथेच. दार मात्र उघडून ठेव, मामांचा वेळ जायला नको."

तिने दार उघडे ठेवले. डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांनी रुग्णवाहिकाही तयार ठेवायला सांगितली. काकूंनी कुणालाही जवळून जाऊ दिले नाही. पावलांच्या आवाजात तो श्वास हरवेल अशी त्यांना भीती वाटत होती.

इकडे ढगदादाची बोटे कीबोर्डवर चुकत होती. ताई त्याच्या शेजारी बसली. "सावकाश. मी वाचते, तू लिही." त्याने ओळ घातली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली. मग तिने माझ्यासमोरची ती खूण पुसली.

"चल गं," ती मला म्हणाली.

मी ढगातल्या कोऱ्या ब्राउझरमध्ये उभी राहिले. नाव टाकले, पासवर्ड टाकला. नमस्कार, चाचणीराव. निळे बटण दाबले. निरोप्या गेला. त्याला परत यायला क्षणभरच लागला असेल, पण तेवढ्यात कुणाचीही पापणी लवली नाही.

'आपली मागणी मिळाली.'

मी हिरवी झाले. पण कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांचे कान काकूंच्या फोनकडे होते. फोनमध्ये आधी जिन्यावर लोखंड आपटल्याचा खणखणाट ऐकू आला, मग मामांचा आवाज, "सरका हो, सरका, वाट द्या!" पान्याची किरकिर झाली. मग एक लांब, बारीक फुस्स असा आवाज. आणि थोड्या वेळाने मास्तरांचा घोगरा, दमलेला आवाज आला, "कोण आहे फोनवर? त्यांना सांग, चांगलं पोहलो."

काकूंनी फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. साहेबांनी त्यांच्यासाठी पाण्याचा पेला स्वतः भरून आणला.

जुना सर्व्हर त्या संध्याकाळी बंद झाला नाही. सगळ्या घरांचे नवे पास नीट तपासून झाल्यावरच तो बंद झाला. ढगदादाने मला एक धाकटी बहीण लिहून दिली. ती दर वेळी मुद्दाम कोऱ्या ब्राउझरने, अगदी अनोळखी माणसासारखी जाते. लॅपटॉपवरची माझी ती जुन्या पासाची सोय ताईने काढून टाकली. मास्तर अजून आहेत. त्यांची मुलगी सिलिंडर मागवते आणि अधूनमधून काकूंशी उगाचच गप्पाही मारते.

मी मात्र आता म्हातारी झाले आहे. माझ्यापेक्षा चपळ चाचण्या आल्या आहेत. माझी पाळी सर्वांत शेवटी येते आणि माझ्या काही ओळी तर नव्या लोकांना वाचताही येत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुने झाले की बाजूला सरायचेच असते.

पण मित्रांनो, एक विनवणी आहे. तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या जागी कुणीतरी असतेच, जे पुन्हा पुन्हा तेच सांगत राहते. 'इथे काहीतरी बिघडलंय', 'मला जमत नाहीये', 'मला आत येऊ देत नाहीत'. त्याचे बोलणे कंटाळवाणे वाटेल. बऱ्याचदा ते खोटेही निघेल, माझेही निघत असे. त्याला गप्प करणे फार सोपे असते. पण तसे करण्याआधी एकदा उठा, स्वतः उंबऱ्याबाहेर जा आणि तो उभा आहे तिथे उभे राहून दार वाजवून पाहा. आत बसलेल्याला दार नेहमी उघडेच वाटते.